पहिला गोल आणि पुढचे चार

दाजी,

तुमच्या दशक्रियेला चार भाषणं झाली. सोसायटीचे चेअरमन बोलले, सरपंच बोलले, डेअरीचे मॅनेजर बोलले आणि वरच्या वस्तीवरचे अण्णा बोलता बोलता रडायलाच लागले. चौघांच्या तोंडी एक शब्द सारखा होता. दुर्धर. ‘दुर्धर आजारानं आपल्यातून नेलं.’ मग माईक बायकांच्या बाजूला आला. “घरातली शिकलेली पोरगी हाय, तिला बोलू द्या दोन शब्द.” मी उभी राहिले, “दाजींनी मला कॉलेजात घातलं” एवढंच म्हणाले आणि खाली बसले. लोकांना वाटलं, हुंदका आला. हुंदका नव्हता, दाजी. तो शब्द आडवा आला होता. तुमचा आजार दुर्धर नव्हता. वेळेवर कळला असता तर दोन महिन्यांच्या गोळ्यांनी बरा झाला असता. तो वेळेवर का कळला नाही, हे त्या शेडमध्ये बसलेल्या दोनशे माणसांत मला माहीत होतं.

तुमच्या रक्ताचा पहिला रिपोर्ट मी केला. तो चुकला.

हे तुमच्याजवळ बसून मी कधी बोलले नाही. आक्काला आज सकाळी सांगितलं. ती काय म्हणाली ते शेवटी लिहिते, कारण ते आधी लिहिलं तर पुढचं काही लिहिता येणार नाही.

मी साधं लिहिते. मला सजवून लिहिता येत नाही. आमच्या घरात माझ्या आधी कुणी बारावीच्या पुढं गेलं नाही, आणि मी बी.एस्सी. झाले ती मायक्रोबायोलॉजी घेऊन. त्याचा मला गर्व आहे, तुम्हाला माझ्याहून जास्त होता. नगरला अॅडमिशनला मी तुमच्या मोटरसायकलवर गेले होते, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन बांधलेले आणि मधे मी, मांडीवर सर्टिफिकेटांची फाईल. काउंटरवरच्या बाईंनी फाईल उघडली आणि नाक मुरडलं. तुम्ही म्हणालात, “मॅडम, वास दुधाचा हाय. मार्क बघा.” माझा पदवीचा फोटो आमच्या घरी नाही, तुमच्या पुढच्या खोलीत टीव्हीच्या वर लागला. बाबा म्हणाले, आमच्या पोरीचा फोटो जावयाच्या घरात कसा? तुम्ही म्हणालात, “तुमच्याकडं भिताडाला पोपडं आल्यात. हितं नवीन रंग हाय.”

मी पारनेरच्या लॅबला लागले तेव्हापासून तुम्ही मला डास म्हणायला लागलात. मी दारात आले की गोठ्यातून आवाज यायचा, “हात झाका रं, डास आला.” मीही सोडायची नाही. “अहो दाजी, डास माणसाला चावतो. तुम्हाला चावून मला काय मिळणार?” आक्का आतून म्हणायची, “घ्या. आनि घाला तिला कॉलेजात.”

आपलं खरं भांडण हातमोज्यांचं. पाच गावांत कुणाची गाय अडली, वासरू आडवं आलं, व्यायल्यावर वार पडली नाही की तुम्हाला फोन. तुम्ही शर्ट काढायचा, खांद्यापर्यंत साबण लावायचा, गोडेतेल लावायचं आणि हात आत घालायचा. मी लॅबमधून लांब हातमोज्यांचा पुडा आणून दिला होता. तो पुडा तसाच राहिला. अण्णांच्या वस्तीवर मी एकदा भर दुपारी तुमच्याबरोबर आले होते. गाय उभी थरथरत होती आणि मी मागून ओरडत होते, “दाजी, मोजा घाला.”

“मोजा घातला तर हाताला कळंल का पाय कुठला आन मान कुठली?”

“रोग लागेल.”

“अगं, बत्तीस वरसं झाली. लागायचा असता तर लग्नाच्या आधीच लागला असता. मग तुझी आक्का वाचली असती.”

अण्णा हसले, गडी हसले. तुम्ही वासराचे दोन्ही पाय धरून ओढलंत आणि ते मेलेलं निघालं. सातवाच महिना होता. त्या वस्तीवर तिसऱ्या गाईनं गाभ टाकला होता त्या वर्षात. मला त्या वेळी नुसतं वाईट वाटलं. त्यातून पुढं काय निघेल, ते डोक्यात आलं नाही.

तुमचा ताप सुरू झाला तो पुढच्या दोन महिन्यांत. संध्याकाळी यायचा, पहाटे घामानं उतरायचा, आठ दिवस गप्प बसायचा, परत यायचा. गावातल्या डॉक्टरांनी टायफॉईड म्हणून सलाईन लावलं. टायफॉईडची रक्ततपासणी आपल्याकडं थोडीफार पॉझिटिव्ह कुणाचीही येते, तशी तुमचीही आली. परत ताप आला, परत टायफॉईड. मग कंबर धरली. एका रविवारी मी आले तर तुम्ही ओट्यावर भिंतीला टेकून बसला होतात. आक्का गोधडी वाळत घालत म्हणाली, “रोज ओली चिंब. आन वास बघ कसला येतो, ओल्या गवतावानी.”

आणि मला आठवलं. तिसऱ्या वर्षाच्या वहीतलं पान डोळ्यांपुढं आलं. जनावरांत गाभ टाकायला लावणारा एक जंतू आहे. वारेतून, कच्च्या दुधातून माणसात येतो. चढउताराचा ताप, कंबर, सांधे, ओल्या गवताच्या वासाचा घाम. तीन गाई. तुमचा उघडा हात. दाजी, खोटं बोलणार नाही. त्या क्षणी मला तुमची काळजी दुसऱ्या नंबरवर वाटली. पहिल्यांदा वाटलं, डॉक्टरांना सुचलं नाही ते मला सुचलं.

ब्रुसेला त्याचं नाव. आपल्या तालुक्यात घरटी गाय आहे, तरी माणसाचं रक्त यासाठी कुणी तपासत नाही. आमच्या लॅबला वर्षातून दोन पेशंट आले तर आले. मी रक्त काढताना तुम्ही विचारलंत, “ह्यात जंतू दिसंल का तुला?”

“जंतू नाही दिसत. त्याच्याशी भांडायला शरीरानं जी माणसं उभी केलीत, अँटीबॉडी, ती आहेत का ते बघायचं.”

“म्हंजी चोर सापडला न्हाई तर पोलीस मोजायचं.”

“तसंच.”

“आन पोलीस लई झालं तर?”

“मग चोर नक्की आहे.”

मी असंच म्हणाले होते. परीक्षेतही असंच लिहिलं असतं.

आता ती काच तुम्हाला सांगते. आधीच सांगायला हवी होती. काचेवर पाच गोल असतात. पहिल्या गोलात रक्ताच्या पाण्याचा मोठा थेंब टाकायचा, पुढच्या गोलांत कमी कमी. प्रत्येकात बाटलीतल्या मेलेल्या जंतूंचा रंगीत थेंब मिसळायचा आणि काच हलवायची. रक्तात अँटीबॉडी असल्या तर त्या जंतूंना एकमेकांत बांधतात आणि रंगाचे दाणे दाणे दिसतात. नसल्या तर रंग एकसारखा राहतो. आमच्या लॅबची एक रीत होती. ती बाटली लवकर मिळत नाही आणि उघडल्यावर वाया जाते. म्हणून आधी फक्त पहिला गोल लावायचा. त्यात दाणे आले तर पुढचे चार. नाही आले तर काच धुवायला. मला शिकवणाऱ्या सरांनी असंच शिकवलं आणि मीही दोन पोरींना तसंच शिकवलं.

तुमच्या पहिल्या गोलात दाणे आले नाहीत. मी काच उजेडाला धरली, तिरपी केली, परत धरली. रंग सपाट. मी रिपोर्ट छापला, तपासणी करणारीच्या जागी माझं नाव घातलं. डॉक्टर आठवड्यातून दोनदा सह्यांना येतात, त्यांनी खाली सही केली. मी तुम्हाला फोन लावला. “दाजी, तो आजार नाही. मी स्वतः केलंय.”

“तू केलंय ना? मग न्हाई.”

अँटीबॉडीला बांधायला दोन हात असतात. एक हात या जंतूला, दुसरा त्या जंतूला, असं करत त्यांची मोळी होते. पण अँटीबॉडी अतोनात झाल्या की एकेका जंतूला दहा दहा जणी चिकटतात आणि प्रत्येकीचा दुसरा हात रिकामा राहतो, धरायला जंतूच उरत नाही. मोळी होत नाही. रंग सपाट दिसतो, अगदी निरोगी माणसासारखा. थेंब लहान केला, अँटीबॉडी कमी केल्या की पुढच्या गोलात दाणे येतात. तुमच्या अंगात तो जंतू इतके दिवस होता आणि तुमचं शरीर इतकं भांडत होतं की माझ्या पहिल्या गोलात काही दिसलंच नाही. पुढचे चार गोल मी कोरडे ठेवले. बाटलीबरोबर एक कागद येतो, त्यावर लिहिलेलं असतं की पाचही गोल लावा. कागद इंग्रजीत असतो. आपल्या दोन्ही घरांत तो वाचता येणारी मी एकटी. मी वाचलाही होता.

माझ्या रिपोर्टनं नुसतं ‘नाही’ म्हटलं असतं तर एक वेळ ठीक. त्यानं दार लावून घेतलं. नगरच्या डॉक्टरांनी तुम्हाला विचारलं होतं, जनावरांत असता का, गाईच्या आजाराची तपासणी केलीय का? मी तिथंच होते. तुम्ही छाती काढून सांगितलंत, “झालीया, सायेब. न्हाई निघाली. आमच्या घरच्याच पोरीनं केलीया.” त्यांनी कागद बघितला, माझ्याकडं बघून मान डोलावली आणि मणक्याच्या टीबीच्या गोळ्या लिहिल्या. महिनाभर तुम्हाला बरं वाटलं. आक्कानं देवाला नारळ दिला. मी आता वाचून बसलेय की त्या गोळ्यांतली एक या जंतूवरही अर्धीमुर्धी चालते. तो मेला नाही, दबला. आणि दबून दबून हृदयाच्या झडपेवर जाऊन बसला.

जिना चढताना तुम्हाला दम लागायला लागला तेव्हा तुम्ही म्हणायचात, “वजन वाढलंय.” वजन अकरा किलोनं उतरलं होतं.

दुसऱ्यांदा नगरला नेलं ते अॅम्ब्युलन्सनं. हृदयाच्या सोनोग्राफीत झडप खाल्लेली दिसली. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी जुन्या रिपोर्टवर विसंबायचं नाही असं ठरवलं आणि रक्त पुण्याला पाठवलं. काच नाही, नळ्यांची तपासणी, एकेका नळीत रक्त अर्धं अर्धं पातळ करत नेलेलं. त्या बाईंना मी मनातल्या मनात हात जोडते, आणि त्यांचा मला रागही येतो, कारण त्यांना जे करायला सुचलं ते माझ्या हातात होतं. रिपोर्ट मोबाईलवर आला. मी वऱ्हांड्यात उभी राहून वाचला. पहिल्या तीन नळ्या: काही नाही. चौथीपासून शेवटपर्यंत सगळ्या: आहे. खाली एक ओळ होती, सुरुवातीच्या नळ्यांत अँटीबॉडीच्या अतिरेकानं परिणाम दिसत नाही. मला ती ओळ वाचायची गरज नव्हती. मी तिथंच बाकड्यावर बसले. एक आजी म्हणाल्या, “पोरी, तुझं कोण गेलं?” तेव्हा तुम्ही जिवंत होतात, दाजी.

आत आले तर डॉक्टरीणबाई फाईल चाळत होत्या. “मागे ही तपासणी झाली होती म्हणालात ना? कुठल्या लॅबमध्ये? तो रिपोर्ट इथे दिसत नाहीये.”

मी तुमच्या पायथ्याशी उभी होते. तोंड उघडलं होतं.

तुम्ही तोंडावरचा मास्क बाजूला केलात. “भिजला, मॅडम. मोटरसायकलच्या डिक्कीत हुता. कुठल्या लॅबचा ते बी आठवत न्हाई आता.”

बाईंनी खांदे उडवले, पुढचं पान उलटलं. तुम्ही मास्क परत लावलात आणि छताकडं बघत राहिलात. माझ्याकडं एकदाही नाही. माझं उघडलेलं तोंड मी मिटून घेतलं.

त्यानंतर चार दिवस. योग्य गोळ्या, इंजेक्शनं सुरू झाली होती, ताप जरा खाली आला की पुण्याला झडपेचं ऑपरेशन करायचं होतं. चार दिवस मी सकाळ-संध्याकाळ तुमच्या उशाशी होते. तुमची नखं कापली. तुम्हाला मोसंबीचा रस पाजला. तुम्ही मला गोठ्यातलं विचारत होतात, तांबडीला माज आला का, वैरण पुरंल का. एकदा म्हणालात, “आता कळलं ना काय हाय ते? मग झालं.” मी “हो” म्हणाले. एकदा म्हणालात, “अण्णाच्या वस्तीवर सांग, गाई तपासून घ्या, कच्चा चीक पिऊ नका म्हनावं.” मी परत “हो” म्हणाले. आणि तुम्ही बराच वेळ माझ्याकडं बघत राहिलात, कुणी काही बोलायचं राहिलंय असं बघतात तसे. मला वाटलं, तुम्हाला धाप लागलीय. मी पंखा वाढवला.

पाचव्या दिवशी सकाळी आठला तुम्ही चहा मागितलात. चहा आला तोवर तुम्ही नव्हता.

अण्णांना मी सांगितलं, दाजी. दशक्रियेच्या जेवणानंतर बाजूला नेऊन सांगितलं. त्यांनी डोळे पुसले आणि इकडंतिकडं बघितलं. “हळू बोल, बाई. डेअरीवाल्याच्या कानावर गेलं तर वस्तीचं दूध बंद हुईल. आन गाय इकायची म्हनलं तर कोन घेईल?” मी म्हणाले, “अण्णा, माणूस गेलाय.” ते म्हणाले, “व्हय की. म्हनून तर रडलो.” माझ्या हातात त्यांच्या गाई नाहीत. माझ्या हातात फक्त ती काच होती.

लॅबमधली रीत मी बदलली. सरांना सांगितलं, आता पाचही गोल. का, म्हणून विचारलं. मी म्हणाले, कागदावर लिहिलंय. त्यांनी मानलं. एवढ्यावर झालं. इतकं सोपं होतं ते.

आता आक्काचं.

आठ दिवस झाले, तिची कंबर दुखतेय. संध्याकाळी अंग तापतं. तुम्ही अण्णांकडून आणलेला चीक तिनंच चाखला होता, आपल्या गाईची वारही तिनं उचलली होती. आज सकाळी मी सुई, नळी घेऊन गेले. ती गोठ्याच्या कट्ट्यावर बसली, पदर खोचला, बाही वर केली आणि हात पुढं केला. मला तो हात धरवेना. मी पट्टा खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. गोल, थेंब, बाटली, सही, फोन. उभ्यानंच सांगितलं.

तिनं हात मागं घेतला नाही. म्हणाली, “म्हाईत हाय मला.”

“कुणी सांगितलं?”

“त्यांनीच. पुन्यावरनं रिपोर्ट आला तवा डॉक्टरीनबाई त्यांना बोलून गेल्या, आधीचा कुनीतरी नीट केला न्हाई. तू भाईर हुतीस. मला म्हनले, फायलीतला तो कागद काढ, तिचं नाव हाय त्याच्यावर. मी काढला, घरी आल्यावर चुलीत घातला.”

“मग मला कुणीच का बोललं नाही, आक्का?”

“मी म्हनले हुते, बोलते तिला. तर म्हनले, नको. ती सांगंल आपनहून, शिकलेली हाय. वाट बघू.” ती गाईकडं बघत होती. “चार दिस वाट बघितली, बघ. रोज तू गेली का मला इचारायचे, काय म्हनली का?”

मी तिच्या पायाशी बसले. म्हणाले, मला माफ कर.

“मी काय करू माफ? ते माझ्याकडं न्हाई.” रागानं नाही बोलली. तिच्याजवळ नसलेली एखादी वस्तू कुणी मागितल्यावर बोलावं तशी बोलली. मग म्हणाली, “काढ आता रगत. धारा राहिल्यात.”

मी पट्टा बांधला. शीर दिसत होती, तरी मला सापडेना. दोनदा सुई टोचली, दोनदा चुकले. चौदा वर्षांत असं झालं नव्हतं. आक्कानं दुसरी बाही वर केली आणि म्हणाली, “डाव्या हाताला बघ.”

डाव्या हाताला मिळालं.

काच लगेच लावली, पाचही गोल. नळ्याही लावल्यात, त्या उद्या सकाळी वाचायच्या. काचेवर जे दिसलं ते मी आक्काला सांगितलेलं नाही, तुम्हालाही सांगत नाही. माझी नजर मला खरी वाटेनाशी झालीय. आज लॅब बंद आहे. मी इथंच लॅबच्या टेबलाशी बसून हे लिहितेय आणि सारखं त्या चार दिवसांपाशी अडतेय. तुम्ही बघत होतात आणि मी उठून पंखा वाढवला. तुम्ही आक्काला रोज विचारत होतात, काय म्हणली का. रोज ती ‘न्हाई’ म्हणत असेल. मग तुम्ही काय म्हणत असाल, हे तिनं सांगितलं नाही आणि विचारायची हिंमत मला झाली नाही.